एकाच बाजूचे आई-वडील

माझ्या मानेत गाठ आहे हे आधी माझ्या गिऱ्हाइकाला कळलं, मग मला. कर्वेनगरात माझं ब्लाउज शिवायचं आणि पिको-फॉलचं दुकान आहे. दुकान म्हणजे सोसायटीच्या पार्किंगच्या कडेचा एक गाळा, दोन मशिनी आणि एक आरसा. एक बाई माप द्यायला उभ्या होत्या. मी वाकून टेप लावत होते, तर त्या वरून म्हणाल्या, "अहो निर्मलाताई, हे मानेपाशी काय आलंय तुमच्या?" हात लावून पाहिलं, तर सुपारीएवढं काहीतरी लागलं. दुखत नव्हतं. मी म्हटलं, "इतकी वर्षं मान खाली घालून शिवतेय, मानेनं काहीतरी बक्षीस द्यायलाच हवं की!" दोघी हसलो, आणि पुढे बराच वेळ त्यांच्या ब्लाउजचा गळा किती खोल हवा यावर बोलत बसलो.

मग नेहमीचे उपाय झाले. शेक, बाम, कुणीतरी सांगितलेलं तेल. वजन उतरायला लागलं, तशा बायका विचारायला लागल्या की कुठलं डाएट करताय. झोपेत घामानं गाऊन भिजायचा आणि मी तो कुणाला न दाखवता वाळत घालायचे. हे पकडलं माझ्या सुनेनं, वैशालीनं. एका सकाळी ती ऑफिसला न जाता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आई, मी आज रजा टाकलीय. चला." "कुठं?" म्हटलं, तर म्हणाली, "तुम्हाला माहितीये कुठं."

घरात आम्ही चौघं. आमचे हे पिंपरीकडच्या एका कारखान्यात होते. देशाचा बाजार खुला झाला आणि काही वर्षांत कंपनीनं यांना स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा कंपनीची, निवृत्ती यांची. नोकरी होती तोवर कामगार विम्याचा दवाखाना होता. अमोलचा जन्म, यांचं अपेंडिक्स, सगळं तिथं झालं. नोकरी गेली तसा दवाखानाही गेला. मुलगा अमोल कॉलेजात इतिहास शिकवतो, तासाच्या हिशेबानं. तास झाला तर मानधन, कॉलेजला सुट्टी तर त्याचाही उपास. आणि वैशाली खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत. घरातला दर महिन्याला हमखास येणारा पगार तिचा, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

पेशंट मी

गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्टच्या दिवशी हे आणि मी डॉक्टरांसमोर बसलो. डॉक्टर तरुण होते, भले होते, पण बोलत होते यांच्याशी. "काका, मावशींना लिम्फोमा आहे. कॅन्सरचाच प्रकार, पण बरा होणाऱ्यांतला." मी म्हटलं, "अहो डॉक्टर, मावशी इथंच बसल्यात." ते ओशाळले आणि माझ्याकडे वळून सगळं पहिल्यापासून परत सांगितलं. पण मला काही ऐकू आलं नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की लग्नसराईचे ब्लाउज अंगावर आहेत आणि नवऱ्यामुलीच्या शालूवरचा तर अजून कापलेलाही नाही.

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "चहा घेऊ." आम्ही टपरीवर उभे राहिलो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण भर रस्त्यात यांनी माझा हात कधी धरला नव्हता, त्या दिवशी धरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण त्या धरण्यातच मला कळलं की हे घाबरलेत. मीही घाबरले होते. मरणाला घाबरले होते, हे स्पष्टच सांगते. पुस्तकात लोक लिहितात की धीरानं सामोरं गेले. मी काही धीरानं गेले नाही; घरी जाऊन बाथरूमचा नळ सोडला आणि रडले.

सहा डोस ठरले, तीन-तीन आठवड्यांच्या अंतरानं. त्यातलं एक इंजेक्शन फार महागाचं. डॉक्टर किंमत सांगायला लागले तशी वैशाली मध्येच म्हणाली, "ते आमच्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये बसेल. आईंचं नाव आहे त्यात." डॉक्टरांचा चेहरा मोकळा झाला, यांचा झाला, आणि खरं सांगायचं तर माझाही. त्या वेळी मला एवढंच वाटलं की सून मिळावी तर अशी.

काचेपलीकडची मुलगी

आजारपणात माणूस डॉक्टरांना कमी भेटतो आणि मेडिक्लेमच्या खिडकीला जास्त. आमच्या हॉस्पिटलात ती तळघरात होती. काचेपलीकडे एक मुलगी बसायची, माझ्या गिऱ्हाइकांच्या पोरींच्या वयाची. दर वेळी तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "पेशंट कोणाच्या कोण?" नाव नंतर, आजार त्याहून नंतर. मी म्हणायचे, "सासू." मग ती विचारायची, "एम्प्लॉयी जावई का?" "नाही हो, सून."

डोस सकाळी लवकर सुरू व्हायचा आणि दुपारपर्यंत संपायचा. पण संपला म्हणून घरी जायचं नाही. विमावाल्यांकडून मंजुरी यायला लागायची. सुई काढलेली, साडी नेसून झालेली, पिशवी भरलेली, आणि मी पलंगाच्या कडेवर बसलेली. पोटात मळमळतंय, तोंडाला लोखंडाची चव, आणि कुठल्यातरी शहरातला कुठलातरी मनुष्य माझे कागद वाचतोय. नर्स दर तासाला डोकावून सांगायची, "आलं की सोडते हं मावशी." त्या नर्सनं एकदा स्वतःच्या डब्यातली लिंबाची फोड आणून दिली चोखायला. तेवढ्या फोडीनं मला जो आराम पडला तो सांगून कळायचा नाही.

दुसऱ्या डोसच्या दिवशी वाट बघून कंटाळून मीच खाली काचेपाशी गेले. ती मुलगी म्हणाली, "येईल आज्जी. तुम्ही तर नशीबवान. बऱ्याच मुली स्वतःचे आई-वडील लावतात."

"लावतात म्हणजे?"

"म्हणजे एकाच बाजूचे लावता येतात ना. एकतर आई-वडील, नाहीतर सासू-सासरे."

मी वर आले. माझं नाव त्या कागदावर आहे म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी नाही, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आबा हळू बोलतात

वैशालीचे वडील, आबा, कसब्यातले तांबट. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीनं ठोके घालून भांडं घडवायचं, हे त्यांचं काम. पूर्वी बंब आणि घंगाळं करायचे. आता एक डिझायनर बाई यायची आणि त्यांच्याकडून हॉटेलांसाठी दिव्यांची झाकणं करून घ्यायची, ती झाकणं परदेशी जायची. वैशाली कॉलेजात असतानाच तिची आई गेली. एकुलती एक मुलगी. जन्मभर ठोके ऐकून आबांचे कान गेलेले, त्यामुळे ते कुजबुजले तरी समोरच्या इमारतीत ऐकू जायचं.

तिसऱ्या डोसला ते मला भेटायला आले. केळी आणली, माझ्या डोक्यावरच्या रुमालाकडे न बघता बोलले, "विहीणबाई, पत्र्याला आधी आगीत घालावं लागतं, मग तो वळतो. तुम्ही आता आगीतनं बाहेर येताय." मग वैशालीला घेऊन बाहेर गेले, गुपचूप बोलायला. दार बंद होतं. तरी आख्ख्या मजल्याला ऐकू आलं:

"डॉक्टर म्हणाला बायपास करा! तीन नळ्या चोंदल्यात! महिना-दोन महिन्यांत उरका म्हणतो!"

वैशालीचं बोलणं ऐकू आलं नाही. मग परत आबा: "हळू बोलतोय ना मी! सासूबाईंना कळू द्यायचं नाही! त्यांचं नाव काढायचं बिलकूल मनात आणू नकोस!"

शेजारच्या पलंगावरच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहत पडून राहिले. औषध नळीतनं थेंब थेंब येत होतं, आणि पहिल्यांदा मला त्याची शिसारी आली.

घरी गेल्यावर मी वैशालीला समोर बसवलं. म्हटलं, "सगळं सांग. लपवालपवी केलीस तर उद्यापासून औषध घेणार नाही." तिनं सांगितलं. नोकरीला लागली तेव्हा विम्यात तिनं आबांचंच नाव घातलं होतं. लग्न झालं, सत्यनारायण झाला, आणि आबाच म्हणाले, "आता ते तुझे आई-वडील. माझं नाव काढ, त्यांचं घाल." तिनं बदललं. मला तेव्हा सांगितलं होतं, आणि मी सोसायटीभर मिरवलं होतं की सुनेनं आमचा विमा काढला.

अमोल म्हणाला, "एक आईचं आणि एक आबांचं, असं नाही का चालणार?"

"विचारलं मी," वैशाली म्हणाली. "जोडी एकाच बाजूची लागते. आणि बदल वर्षातनं एकदाच, मार्चमध्ये. एक एप्रिलपासून लागू."

आबांसाठी बाहेरून विमा काढायचा, तर आजार आधीचा. त्याला काही वर्षं थांबा म्हणाले. सरकारी हॉस्पिटलात छातीच्या ऑपरेशनला यादी होती, आणि आबांच्या आधी बरीच नावं. वैशालीनं कर्ज काढते म्हटलं. घराचं कर्ज होतंच, त्यावर आणखी एक. आबांनी फोनवरच ओरडून सांगितलं, "मुलीच्या डोक्यावर कर्ज ठेवून मी मोकळा श्वास घेऊ? थू आहे माझ्यावर!"

त्यानंतर घरात कुणी कुणाशी धड बोलेना. अमोल माझ्याकडे बघायचा आणि वैशालीकडे बघायचं टाळायचा. वैशाली रोज बसनं जायची, रोज यायची, माझ्या गोळ्या डबीत भरायची. एकदाही, एका शब्दानंही तिनं मला जाणवू दिलं नाही. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

केसपेपर

मी ठरवलं की उरलेले डोस सरकारी हॉस्पिटलात घ्यायचे आणि विम्यातली जागा मोकळी करायची. मुलांना न सांगता यांना घेऊन रिक्षानं गेले. हे वाटेत म्हणाले, "तुला झेपणार नाही गं तिथलं." मी म्हटलं, "झेपणारं आत्तापर्यंत काय झालंय?"

केसपेपरच्या खिडकीला ही रांग. आमच्या मागे एक बाई, मराठवाड्यातनं आलेली, नवरा जिन्याखाली चटईवर झोपवलेला. आठ दिवस तिथंच होती. नंबर आला. खिडकीतल्या माणसानं वर न बघता विचारलं, "नाव? वय? पत्ता? त्रास काय?" मी सांगितलं. त्यानं कागद सरकवला. मी तिथंच उभी.

"काय राहिलं मावशी?"

"नाही, कोणाची कोण ते विचारलं नाहीत."

"तुम्ही तुमच्या," तो म्हणाला. "पुढचे या."

हसू नका, पण तिथं रांगेत माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चांगलंच चाललं होतं तिथं सगळं असं मी सांगणार नाही. एका पलंगावर दोघी होत्या. पंखा होता, फिरत नव्हता. डॉक्टरीणबाई इतकी दमलेली की बोलता बोलता तिचे डोळे मिटत होते. पण तिनं माझे सगळे कागद पाहिले, म्हणाली, "डोस देऊ. ते महागाचं इंजेक्शन कधी येतं, कधी येत नाही. नसेल तेव्हा बाहेरून आणावं लागेल." तारीख दिली. मी तो कागद पदराला गाठ मारावी तसा जपून घरी आणला.

पुढचा डोस अजून आमच्या नेहमीच्या हॉस्पिटलातच होता, तिथं मी हे सगळं शेजारच्या खुर्चीवरच्या काकांना सांगितलं. निवृत्त बँकवाले, नळी लावलेली, समोर पेपर. ते म्हणाले, "सरकारनं सगळ्यांचं बघावं म्हणता? सरकारला आधी आमच्या गल्लीतला खड्डा बुजवू दे."

मी म्हटलं, "काका, तुमचं औषध कोण देतंय?"

"माझी बँक."

"बँक कुणाची?"

"सरकारी."

"मग तुमच्या नळीतनं कोण चाललंय?"

काकांनी पेपर खाली केला. "बाई, तुम्ही ब्लाउज शिवता की सभा घेता?" पण जरा वेळानं स्वतःच म्हणाले, "आमच्या चाळीत गणपतीची वर्गणी असायची. ज्याला जेवढी जमेल तेवढी. आरतीला उभं राहताना कुणी पावती मागत नसे. पण बुडवणारे लई असत हं."

"असतात ना. म्हणून गणपती बसवायचं थांबवलंत का?"

त्यावर त्यांनी मला त्यांच्या डब्यातली साळीच्या लाह्यांची पुडी दिली.

मी काही अर्थशास्त्र शिकलेली नाही. पण माप घ्यायला शिकलेय. एका अंगाचं माप दुसऱ्याला लावलं की काखेत फाटतं. नोकरीच्या मापानं सगळ्या देशाचं औषधपाणी कापायचं, तर ज्यांना नोकरी नाही, ज्यांची गेली, ज्यांची मुलगी लग्न करून दुसऱ्या घरी गेली, ते सगळे उघडे पडतात. तांबट कुणाचा नोकर? त्यानं जन्मभर काम केलं ते काय काम नव्हतं? मिळकतीप्रमाणे सगळ्यांकडून घ्या, माझ्याकडून घ्या, वैशालीच्या पगारातनं घ्या, त्या डिझायनर बाईकडून जास्त घ्या. आणि द्यायच्या वेळी कुणाची कोण ते विचारू नका. एवढंच मला कळतं आणि एवढं पुरेसं आहे असं मला वाटतं.

आळीत आहे

मग मी कसब्यात गेले. तोंडाला फडकं, डोक्याला रुमाल, डॉक्टरांनी गर्दीत जायचं नाही म्हणून बजावलेलं. आबा दुकानात ठोकत बसले होते, सावकाश, मध्ये मध्ये थांबत. मला बघून हातोडी खाली ठेवली. "विहीणबाई! तुम्ही? इथं? मरायचंय का?"

"तेच विचारायला आलेय तुम्हाला."

आबा आमच्या घरी आले की पाणीसुद्धा पीत नसत. लेकीच्या सासरचं पाणी प्यायचं नाही, नातवंड झालं की मग. येताना स्वतःची पाण्याची बाटली आणायचे. मी त्याची थट्टा करायचे. त्या दिवशी थट्टा केली नाही. माझ्या हाताच्या शिरा काळ्या पडल्या होत्या, बाही वर करून त्या त्यांना दाखवल्या. म्हटलं, "आबा, तुम्ही आमच्याकडचं पाणी पीत नाही, कारण ते लेकीचं. मग तुमच्या लेकीचं मी इथनं पितेय, ते?"

"तुम्ही सासू. तुमचा हक्क आहे."

"जन्म दिला त्याला बंदी आणि मला हक्क? कुठल्या शास्त्रात लिहिलंय?"

"शास्त्रात नसेल," आबा म्हणाले. "आळीत आहे."

मी केसपेपर काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला. माझी सोय झालीय, तारीख मिळालीय, मार्चमध्ये वैशाली तुमचं नाव घालेल, नाही म्हणालात तर मी उरलेले डोसच घेणार नाही, असं सगळं एका दमात बोलले आणि धाप लागून पायरीवरच बसले. आबांनी मला पाणी दिलं. मी गटागटा प्याले. मग तो कागद उचलून उजेडात धरला.

"हा विम्याचा पैसा वैशूचा का कंपनीचा?"

"कंपनीचा. आणि कंपनीला तो देतं अमेरिकेतलं कुणीतरी गिऱ्हाईक."

"मग चालेल," ते म्हणाले. "माझे दिवेही तिकडंच जातात." आणि हसले. मग बोट वर करून म्हणाले, "पण एक. एप्रिलपर्यंत कुणी कर्ज काढायचं नाही. तेवढं मी थांबतो. शब्द द्या."

मी दिला. मला तेव्हा जग जिंकल्यासारखं झालं होतं. रिक्षात यांना फोन करून म्हटलं, "झालं हो! ऐकलं त्यांनी." वैशालीला रात्री सांगितलं तर तिनं मला मिठी मारली, आणि पहिल्यांदाच मला "अगं आई" म्हणाली.

मार्च

मार्च लागला. कंपनीच्या साइटवर नावं बदलायची सोय सुरू झाली त्याच दिवशी वैशालीनं माझं आणि यांचं नाव काढून आबांचं घातलं. हॉस्पिटल ठरलं, सर्जन ठरला, एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यातली तारीख ठरली. माझ्या रक्तातल्या पेशी घसरल्यामुळे एक डोस पुढे गेला होता. उरलेले दोन एप्रिलमध्ये, सरकारी हॉस्पिटलात घ्यायचे ठरले. आबा रोज फोनवर ओरडायचे, "जिना चढत नाही! हातोडी उचलत नाही! नुसता बसलोय, बायकांसारखा पेपर वाचतोय!" मी म्हणायचे, "बायका पेपर वाचत बसतात हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

महिन्याचा शेवटचा आठवडा होता. सकाळी आबांनी दुकानाचं कुलूप काढलं, फळी बाजूला केली आणि पायरीवर टेकले. समोरच्या दुकानदारानं हाक मारली. आबांना ऐकू येत नाही म्हणून त्यानं परत मारली. मग तो उठून गेला.

अग्नी वैशालीनं दिला. लेकीच्या हातनं घेऊ नये असं त्या वेळी आळीतलं कुणी म्हणालं नाही.

मला कुणी विचारलं की आबा कशानं गेले, तर हृदयानं गेले असंच सांगते, कारण ते खरं आहे. पण ते एका तारखेची वाट बघत बसले होते, आणि ती तारीख कुठल्या डॉक्टरनं दिलेली नव्हती. या देशात किती माणसं अशी पायरीवर बसली असतील, कुणाच्या मंजुरीसाठी, कुणाच्या नोकरीसाठी, कुणाच्या लग्नासाठी. मला याचा राग येतो. औषधानं पोटात आग पडायची, त्याहून जास्त येतो. ज्यांच्या घरी आज आजारपण आलंय त्यांना माझं एकच सांगणं आहे: डॉक्टरनं लवकर म्हटलं तर लवकरच करा. शब्द मोडा, पद्धत मोडा, नातेवाइकांकडे हात पसरा, सरकारी दारात जाऊन बसा, पण थांबू नका. मी दिलेला शब्द मी मोडायला हवा होता.

लग्न झालेल्या मुलीला वडिलांचं सुतक तीन दिवसांचं. चौथ्या दिवशी, एकतीस मार्चच्या संध्याकाळी, वैशालीनं जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. त्या दिवशी संपायच्या आत बदल केला नाही तर पुढचं वर्षभर तेच राहणार होतं. मी शेजारी बसले. पडद्यावर आबांचं नाव, वय, नातं वडील. सगळं भरलेलं.

मी म्हटलं, "राहू दे गं ते. माझा केसपेपर आहे."

"नको, आई," ती म्हणाली. "आता आणखी कुणाला वाट बघायला लावायचं नाहीये मला."

तिनं आबांच्या नावापुढच्या खुणेवर बोट ठेवलं. साइटनं विचारलं, नक्की काढायचं का? हे आतल्या खोलीत उठून गेले. मग तिनं 'हो' केलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमची जन्मतारीख सांगा."

मी सांगितली.

एप्रिलमधले माझे दोन्ही डोस कॅशलेस झाले.